चोवीस पौंड एक्क्याण्णव पेन्स

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी आमचा भाचा सकाळीच दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला, हातात मोबाइल.

"मामा, घराच्या डागडुजीसाठी पाच लाखांचं कर्ज काढलं. खात्यात पुरते पावणेपाच लाखही आले नाहीत. प्रक्रिया शुल्क समजलं, पण हे साडेसोळा हजार कसले कापले?"

मी चष्मा लावून पाहिले. ओळ अगदी बारीक होती. विम्याचा हप्ता!

"विमा काढायचा का, असे तुला कोणी विचारले होते?"

"नाही हो. फोनवर चार वेळा 'ओके' म्हणायला सांगितलं. मी म्हटलं."

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, तो डबा काढ."

आमच्या घरातला 'तो डबा' म्हणजे इंग्लंडहून येताना बरोबर आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यातली बिस्किटे केव्हाच संपली. आता त्यात एका कर्जाचे कागद आहेत. परदेशातून परत येताना माणसे काय काय आणतात. आमच्या सौभाग्यवतीने हे आणले. मी त्या वेळी हसलो होतो. पण त्या कागदांनी आम्हांला एकदा जवळजवळ दोन हजार पौंड मिळवून दिले, आणि पैशाहून मोठी एक गोष्ट शिकवली. भाच्याला त्या दिवशी जी हकिगत सांगितली, तीच येथे सांगतो. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी कर्जाचे फोन येतात. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

*

साल २००४. आम्ही लंडनच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहत होतो. मी नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. नोकरी पक्की नव्हती. एका एजन्सीमार्फत सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करीत असे. ऑक्टोबरात पुण्याहून भावाचा फोन आला. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया तातडीने करायची होती. आमच्या गाठीला फारसे काही नव्हते. शस्त्रक्रिया, पुढचे औषधपाणी, दोघांची विमानाची तिकिटे असा हिशेब करून सहा हजार पौंड काढायचे ठरले. त्या वेळच्या दराने हे सुमारे पाच लाख रुपये होत.

बँकेत गेलो तर समोरच्या खुर्चीवर ओळखीचा चेहरा! आमच्या भागातली मराठी मंडळी मिळून गणपती बसवीत. तेथे आरतीला झांजा वाजविणारा हा मुलगा. वय पंचविशीच्या आत. मला पाहताच उठून उभा राहिला. "या काका, बसा काका." परमुलुखात आपल्या भाषेत 'काका' ऐकले की निम्मी काळजी तिथेच उतरते. मी त्याला सगळे सांगितले. कंत्राटी नोकरीही सांगितली. ती त्याने माझ्यासमोर अर्जात लिहिली.

मग त्याने यंत्राकडे पाहून आकडा सांगितला. पाच वर्षे मुदत, महिन्याला १४९ पौंड ४६ पेन्स. "यात संरक्षण आलंच, काका. आजारी पडलात, नोकरी गेली, तरी हप्ते भरले जातील. हे असलं की कर्ज लवकर मंजूर होतं."

मी विचारले, "घेतलेच पाहिजे का?"

तो क्षणभर थांबला. तो क्षण मला आजही आठवतो. मग म्हणाला, "सगळे घेतातच, काका."

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पण माझे लक्ष विमानाच्या वेळेकडे होते. जेथे जेथे त्याने फुली दाखविली तेथे तेथे मी सही केली. चौथ्या दिवशी आम्ही पुण्यात होतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

*

वडिलांचे सगळे आयुष्य पोस्टात गेले. त्यांनी जन्मात कर्ज काढले नव्हते. बरे होऊन घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "किती काढलेस?" आणि पुढे दर फोनला दुसरा, "किती फिटले?" मी सांगत असे, "सगळे वेळेवर चालले आहे."

२००७च्या फेब्रुवारीपर्यंत ते खरेही होते. मग माझे कंत्राट संपले आणि नवे मिळेना. मला त्या विम्याची आठवण झाली. अशा वेळेसाठीच तर तो होता! मी रुबाबात अर्ज केला. एप्रिलमध्ये पत्र आले. आपली नोकरी कंत्राटी होती. कंत्राटाची मुदत संपणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे. सबब आपला दावा या विम्यात बसत नाही. कळावे.

म्हणजे ज्या माणसाची नोकरी कंत्राटी आहे हे बँकेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, त्याला बँकेने नोकरी गेल्याचा विमा विकला होता. छत्री विकायची आणि पावसात उघडायची नाही, अशी अट आतल्या पानावर छापायची, त्यातलाच हा प्रकार.

ते पाच महिने कसे गेले हे आम्हीच जाणतो. सौभाग्यवतीने एका मोठ्या दुकानात फडताळे भरण्याची रात्रपाळी धरली. पहाटे सहाला ती घरी येई, तेव्हा मी चहा करून ठेवीत असे. त्या चहाच्या वेळी आम्ही फारसे बोलत नसू. वडिलांचा फोन आला की मी म्हणे, "सगळे वेळेवर चालले आहे." हप्ता एकही चुकला नाही, हे मात्र खरे. तो कोणाच्या रात्रपाळीवर भरला जातो, एवढेच मी सांगत नसे.

जुलैत मला काम मिळाले. २००९च्या ऑक्टोबरात कर्ज फिटले. मी ते कागद फाडायला निघालो होतो. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवले. "राहू देत. कागद काही खायला मागत नाही."

*

आता हा विमा म्हणजे नक्की काय, ते सांगतो. इंग्लंडात त्याला 'पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स' म्हणत, आणि लोकांच्या तोंडी 'पीपीआय'. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला किंवा नोकरी गेली, तर काही महिने, बहुधा वर्षभर, कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरायचे. कल्पनेत वाईट काहीच नाही. ज्याला खरोखर गरज आहे आणि जो अटींत बसतो, त्याला हा आधारच आहे.

वाईट होते ते विकणे. कोणाला 'विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही' असे सांगितले गेले. कोणाला काही सांगितलेच नाही; हप्त्यात मिसळून दिला. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना नोकरी गेल्याचा विमा दिला. आधीच आजारी असणाऱ्यांना आजाराचा विमा दिला आणि 'पूर्वीचा आजार चालणार नाही' हे मागे बारीक अक्षरांत ठेवले. पाठदुखी आणि मनस्ताप या दोन कारणांनी माणसे सर्वांत जास्त रजेवर जातात. पुष्कळ पॉलिसींत नेमकी तीच वगळलेली किंवा कडक अटींनी बांधलेली.

त्यातही एक खुबी होती. पाच वर्षांचा सगळा हप्ता पहिल्याच दिवशी आकारून तो कर्जाच्या मुद्दलात घालीत. माझेच उदाहरण घ्या. विम्याचे १,२०० पौंड सहा हजारांत मिळविले. कर्ज झाले ७,२०० पौंड. नुसत्या सहा हजारांचा हप्ता झाला असता १२४ पौंड ५५ पेन्स. मी भरीत होतो १४९ पौंड ४६ पेन्स. फरक चोवीस पौंड एक्क्याण्णव पेन्सांचा. साठ महिन्यांत हे झाले १,४९४ पौंड ६० पेन्स. म्हणजे विमा तर उपयोगाचा नव्हताच. वर त्या निरुपयोगी विम्यावर मी पाच वर्षे व्याज भरीत होतो!

हा हिशेब मी केलेला नाही. सौभाग्यवतीने केला, वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर. बँकेच्या कोणत्याही कागदावर तो असा उघडा मांडलेला नव्हता.

आणि आम्ही काही एकटे नव्हतो. ब्रिटनमध्ये अशा सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक १९९० ते २०१० या वीस वर्षांत. २००५ सालीच 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या नागरिकांना फुकट सल्ला देणाऱ्या जुन्या संस्थेने सरकारी खात्याकडे रीतसर मोठी तक्रार केली होती. २००९ साली देखरेख करणाऱ्या वित्तीय प्राधिकरणाच्या सांगण्यावरून बड्या बँकांनी वैयक्तिक कर्जावर एकरकमी हप्त्याचा हा विमा विकणे थांबविले. पण जे आधीच विकले होते, त्याचे काय?

*

२०१०च्या जानेवारीत सौभाग्यवतीला वाचनालयात एक पत्रक मिळाले. 'तुम्हांला पीपीआय चुकीच्या रीतीने विकला गेला आहे काय?' खाली आठ-दहा प्रश्न. 'विमा ऐच्छिक आहे हे तुम्हांला सांगितले होते काय? तुमच्या नोकरीचे स्वरूप विचारले होते काय? तो कर्जात मिळविला असून त्यावर व्याज पडेल हे सांगितले होते काय?' तिने पत्रक माझ्यापुढे ठेवले. डबा उघडला. आत सगळे होते: कर्जाचा करार, विम्याची पुस्तिका, एजन्सीचे कंत्राट आणि ते एप्रिलचे नकाराचे पत्र.

ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांनाही तेथे वाट होती. तेव्हाच्या कायद्याने दहा पौंड फी भरून बँकेजवळ असलेली आपली सर्व माहिती मागता येत असे आणि चाळीस दिवसांत ती द्यावी लागे. आमच्या शेजाऱ्यांनी तसेच केले. पण घरचा कागद तो घरचा.

आम्ही बँकेला पत्र लिहिले. एप्रिलमध्ये उत्तर आले: 'करारावर आपली सही आहे. विमा हवा असल्याच्या चौकोनात खूण आहे. आपली तक्रार मान्य करता येत नाही.' मी करार काढून पाहिला. सही माझीच होती. पण चौकोनातली खूण छापील होती! सही करण्याआधीच यंत्राने ती खूण करून कागद बाहेर टाकला होता.

पत्राच्या शेवटी, कायद्याने लिहावेच लागते म्हणून, एक ओळ होती. हे उत्तर मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जाता येईल. तेथे ग्राहकाला एक पेनीही पडत नाही. खर्च सोसायचा बँकांनी.

मी लोकपालाचा फॉर्म आणला आणि तिथेच अडलो. एका रकान्यात लिहिले होते, 'विक्रीच्या वेळी काय बोलणे झाले ते आपल्या शब्दांत लिहा.'

माझ्या डोळ्यांपुढे झांजा वाजविणारा तो मुलगा आला. 'सगळे घेतातच, काका.' हे वाक्य लिहायचे म्हणजे त्याच्यावर बालंट आणायचे. परदेशात आपली माणसे ती किती, आणि त्यांतल्याच एकाच्या विरुद्ध आपण कागद करायचा? दोनदा लिहिले, दोनदा खोडले. फॉर्म चार महिने डब्यात पडून राहिला. खरे सांगायचे तर संकोच नुसता त्याच्यासाठी नव्हता. शिकलासवरलेला माणूस, करार न वाचता सही करतो, हे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देण्याची लाजही होती. मला वाटते, बँकांना सर्वांत मोठे संरक्षण कोणत्या विम्याने दिले असेल तर ते आमच्यासारख्यांच्या या लाजेने.

सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "त्याचं नाव गाळून खरं सांगता येत असेल, तर तसं सांगा. पण खरं गाळू नका."

*

गणपतीच्या दिवसांत तो मुलगाच भेटला. आरती झाल्यावर प्रसाद घेऊन आमच्याजवळ आला. बँक सोडून त्याला दोन वर्षे झाली होती. आता शाळेत गणित शिकवीत होता. मी इकडचे तिकडचे बोलू लागलो. सौभाग्यवतीला तसे जमत नाही. तिने सरळ सांगून टाकले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, लिहा. माझं नाव विचारलं तर नावही लिहा."

मग त्याने जे सांगितले ते मी येथे जसेच्या तसे देतो. रोज सकाळी शाखेत एका फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडे लिहिले जात. किती कर्जे दिली आणि त्यांतल्या कितींवर विमा लावला. विम्याशिवाय कर्ज गेले की साहेबांना कारण द्यावे लागे. यंत्रावर पहिला आकडा दिसे तोच विम्यासकट. विम्याशिवायचा पाहायचा तर मुद्दाम मागावा लागे, आणि 'मागितल्याशिवाय दाखवू नका' ही शिकवण होती.

"मला पॉलिसीमागे गुण मिळायचे, काका. तुम्ही विचारलं होतंत, 'घेतलंच पाहिजे का?' मला आठवतंय. 'नाही' म्हणायला हवं होतं. तेवढा एक शब्द होता."

आणि मग खाली पाहत तो म्हणाला, "मी आईच्या कर्जालासुद्धा लावला होता."

त्याची आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात आठवड्याला दहा तास काम करी. त्या पॉलिसीत बसायला आठवड्याला निदान सोळा तासांची नोकरी लागे. म्हणजे आईची नोकरी गेली असती तरी तिला छदाम मिळाला नसता. हे त्याला विकताना माहीत नव्हते. कोणी त्याला पुस्तिका वाचायला लावलीच नव्हती. विकायला मात्र शिकविले होते.

त्या रात्री मी फॉर्म पुरा केला. जे घडले ते लिहिले. 'मी विचारले, उत्तर मिळाले नाही, मी सही केली.' माझी चूकही लिहिली. नाव कोणी विचारले नाही. तक्रार बँकेविरुद्ध होती, माणसाविरुद्ध नव्हती, हे मला फॉर्म पुरा केल्यावर कळले. चार महिने मी उगाच त्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

*

पुढची लढाई आमच्या डोक्यावरून चालली होती. २०१०च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने बँकांना बजावले होते की, जुन्या तक्रारी नव्या, कडक कसोटीने तपासा. बँकांच्या संघटनेने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या विक्रीला नवे माप लावता येणार नाही. तो खटला चालू असताना कितीतरी तक्रारी नुसत्या पडून राहिल्या. आमचीही राहिली. लोकपालाकडून अधूनमधून सभ्य पत्र येई, 'आपले प्रकरण आमच्या ध्यानात आहे.'

२०११च्या २० एप्रिलला निकाल लागला. बँका हरल्या. ९ मे रोजी त्यांच्या संघटनेने अपील करणार नसल्याचे जाहीर केले आणि धरण फुटावे तसे झाले. तक्रारींचे ढीग पडले. २०१२-१३ या एकाच वर्षात लोकपालाकडे या विम्याच्या पावणेचार लाखांहून अधिक तक्रारी आल्या.

आमचे पत्र २०१२च्या फेब्रुवारीत आले आणि पैसे मार्चमध्ये. विम्यापोटी भरलेले सगळे १,४९४ पौंड ६० पेन्स. त्यावर प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून आठ टक्के सरळ व्याज, ५८६ पौंड. व्याजावरचा वीस टक्के कर वजा जाऊन एकंदर हातात १,९६३ पौंड. सौभाग्यवतीच्या वहीतल्या आकड्याशी बँकेचा आकडा पेनीला पेनी जुळला. तिने चेक हातात घेतला, पाहिला आणि म्हणाली, "ही माझी रात्रपाळी." मी म्हटले, "तुझीच." तो चेक तिच्या खात्यात गेला.

त्या मुलाने आपल्या आईचा अर्ज स्वतः भरला होता. तिचेही पैसे आले. आईने काय म्हटले, म्हणून मी त्याला विचारले. तो हसला, पण हसणे काही खरे नव्हते. "म्हणाली, पैसे आले ते बरं झालं. पण तेव्हा मला का नाही विचारलंस?"

मला वाटते, त्या साऱ्या प्रकरणाचे सार या माउलीच्या एका वाक्यात आहे. सही घेतली होती; विचारले नव्हते.

*

यात मध्यस्थांचेही फावले. 'तुमचे पीपीआयचे पैसे मिळवून देतो' असे सांगणाऱ्या कंपन्यांचे फोन आणि संदेश रात्रंदिवस येऊ लागले. जो फॉर्म आम्ही घरच्या टेबलावर भरला, तो भरून देण्याबद्दल त्यांतल्या काही मिळालेल्या रकमेतले तीस टक्के घेत. २०१८च्या जुलैत कायद्याने त्यांना वीस टक्क्यांची मर्यादा घातली. फुकट होणाऱ्या कामाचे वीस टक्केही काही थोडे नव्हेत!

२०१४च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्लेव्हिन' नावाच्या खटल्यात आणखी एक पडदा उचलला. ३४,००० पौंडांच्या एका कर्जावर ५,७८० पौंडांचा विमा लावला होता. त्यांतले विमा कंपनीकडे गेले फक्त १,६३० पौंड. उरलेले, म्हणजे ७१.८ टक्के, मधल्यांचे आणि सावकाराचे कमिशन! हे कर्जदार बाईला सांगितले नव्हते. एवढे मोठे कमिशन दडविणे हा अन्यायच आहे, असे न्यायालयाने म्हटले. मग नुसत्या दडविलेल्या कमिशनसाठीही पैसे परत मागता येऊ लागले.

अखेर प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरविली. लोकांनी ती विसरू नये म्हणून अर्नोल्ड श्वार्झनेगर या नटाचे यांत्रिक मुंडके करून जाहिरातीत ते लोकांच्या अंगावर ओरडत फिरविले. आम्ही तोवर पुण्यास परतलो होतो, भाच्याच्या मोबाइलवर ती जाहिरात पाहून वडील म्हणाले, "एवढं ओरडायला लागलं म्हणजे पैसे बरेच असणार." बरेच होते. २०११ ते २०१९ या काळात बँकांनी लोकांना ३,८०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम परत केली. आणि त्याआधीच, २०१२च्या एप्रिलपासून, कर्ज विकल्यापासून सात दिवसांच्या आत त्याच कर्जदाराला त्याच सावकाराने हा विमा विकायचा नाही, असा नियम तेथे अमलात आला होता. सात दिवसांत माणूस घरी जातो, चहा पितो, बायकोला विचारतो. नियम करणाऱ्याला संसार ठाऊक असावा!

*

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले. "पण मामा, ते इंग्लंड. इथे काय?"

इथेही वाट आहे. मात्र ती पायाखाली घालायला हवी, आणि लवकर. स्वतःच्या नावाची स्वतंत्र जीवनविमा पॉलिसी असेल, तर ती हातात पडल्यापासून तीस दिवसांत कारण सांगून परत करता येते. वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसी त्यातून वगळल्या आहेत. विमा नियामकाने २०२४ साली ही मुदत पंधरावरून तीस दिवसांची केली. बँकेच्या गटविम्याचे नुसते प्रमाणपत्र असेल, तर परतीची अट त्यातच पाहावी. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या वैयक्तिक कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. कर्जाबरोबर घेतलेला विम्याचा पैसा त्यात दाखवून वार्षिक खर्चाच्या दरात धरावा लागतो. तो कागद मागून घ्यावा आणि सहीच्या आधी वाचावा. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कचेरी आहे. फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे.

भाच्याच्या पॉलिसीला बावीस दिवस झाले होते. ती त्याच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी होती. मेलमध्ये येऊन पडली होती, त्याने उघडली नव्हती. त्याच टेबलावर बसून त्याने पत्र लिहिले. सुरुवात केली, 'माझी चूक झाली असली तरी...' मामीने ते वाक्य खोडायला लावले. "चूक नंतर लिही. आधी काय घडलं ते लिही."

तीन आठवड्यांनी थोडी वजावट होऊन त्याचे पैसे कर्जाच्या खात्यात जमा झाले. ते कळवायला आला तेव्हा पेढे घेऊन आला होता. मामीने पेढे ठेवून घेतले आणि विचारले, "पत्राची प्रत कुठे आहे?"

ती त्याने खिशातून काढून दिली. तिने घडी सारखी केली आणि डब्यात ठेवली.